बुळबुळीत रूट बिअर, कोरियाचं युद्ध आणि सॉसमधला ४१५: एका सरकारी केमिस्टची ३५ वर्षं

सरकारी शास्त्रज्ञ आणि युद्ध असं म्हटलं की डोळ्यासमोर लगेच बॉम्ब, रडार, रॉकेट येतं. ते चूक नाही, पण त्या नादात शेतीखात्यात काम करणारे केमिस्ट आणि मायक्रोबायॉलॉजिस्ट आपल्या नजरेतून सुटतात. खरं तर दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर कोरियात जी माणसं वाचली त्यातल्या कित्येकांच्या वाचण्यामागे मका, साखर आणि बुरशी यांच्यावर पोट भरणाऱ्या अशा सरकारी नोकरदारांचं काम होतं. त्यातल्याच एका बाईंबद्दल लिहितोय, अ‍ॅलीन जीन्स. आपल्याकडे हे नाव जवळजवळ कुणाला माहीत नाही, आणि त्यांनी शोधलेला एक पदार्थ मात्र आज आपल्या घरात कुठल्या ना कुठल्या बाटलीत किंवा ट्यूबमध्ये असतोच.

जीन्स बाईंचा जन्म १९०६ चा, टेक्सासमधल्या वेको गावचा. वडील रेल्वेच्या यार्डात सांधे बदलायचं काम करायचे, पुढे यार्डमास्टर झाले. बेलर युनिव्हर्सिटीतून १९२८ ला डिग्री, पुढच्याच वर्षी बर्कलीमधून मास्टर्स, मग अलाबामातल्या एका कॉलेजात पाच वर्षं शिकवलं, आणि त्यानंतर परत शिकायला गेल्या. इलिनॉय युनिव्हर्सिटीतून १९३८ ला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी, गाइड रॉजर अ‍ॅडम्स, म्हणजे त्या काळातलं फार मोठं नाव. पुढची दोन-तीन वर्षं वॉशिंग्टनच्या आसपासच्या सरकारी प्रयोगशाळांत साखरेच्या केमिस्ट्रीवर काम केलं, तिथे हडसन आणि इस्बेल यांच्यासारखे या विषयातले दादा लोक होते. आणि १९४१ मध्ये त्या पिओरियाला आल्या ते १९७६ ला रिटायर होईपर्यंत तिथेच राहिल्या. एकच गाव, एकच लॅब, ३५ वर्षं.

आता ही लॅब काय होती ते सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत शेतमालाचे भाव पार कोसळले होते, मका-गहू भरमसाठ पिकायचा आणि घेणारं कोणी नाही. आपल्याकडे कांदा नाहीतर टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ येते तेव्हा दरवेळी चर्चा होते ना की याच्यापासून दुसरं काहीतरी बनवा, प्रक्रिया उद्योग काढा, तसंच तिकडे चाललं होतं. फरक एवढाच की त्यांनी १९३८ च्या शेती कायद्यात सरळ चार मोठ्या प्रादेशिक लॅबची तरतूद केली आणि त्या उभ्या केल्या. कापसासाठी न्यू ऑर्लिन्स, बाकी फिलाडेल्फियाजवळ एक, कॅलिफोर्नियात एक आणि मका-गव्हासाठी इलिनॉयमधलं पिओरिया. पिओरियाच्या लॅबचं नाव नॉर्दर्न रीजनल रिसर्च लॅबोरेटरी, शॉर्टमध्ये एनआरआरएल. काम १९४० च्या शेवटी सुरू झालं. उद्देश अगदी साधा, की शेतात जे जास्तीचं पिकतं त्याला नवीन गिऱ्हाईक शोधून द्यायचं.

म्हणजे ही लॅब युद्धासाठी काढलेलीच नव्हती. पण सुरू होऊन वर्ष व्हायच्या आत युद्ध दारात आलं. जुलै १९४१ मध्ये ऑक्सफर्डहून हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली हे दोघं पेनिसिलिनची बुरशी घेऊन इथे आले, कारण इंग्लंडमध्ये बॉम्ब पडत होते आणि मोठ्या प्रमाणात पेनिसिलिन बनवणं तिथे जमत नव्हतं. पिओरियाच्या लोकांकडे मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं पाणी भरपूर होतं. मका भिजत घालतात, ते पाणी आटवलं की घट्ट तपकिरी काकवीसारखं काहीतरी होतं, कारखान्यांच्या दृष्टीने ती कटकटच. अँड्र्यू मॉयर यांनी ते बुरशीच्या खाद्यात घातलं आणि पेनिसिलिन एकदम कितीतरी पटीने वाढलं. पुढे १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर जी बुरशी सापडली ती त्याहून जोरदार निघाली आणि नंतरच्या कारखान्यांतल्या बुरशीचा वंश तिच्यापासून चालला. ही पेनिसिलिनची गोष्ट तशी बऱ्याच जणांना माहीत असते. मी ती एवढ्यासाठी सांगितली की जीन्स बाई ज्या बिल्डिंगमध्ये नोकरीला लागल्या त्या बिल्डिंगची हवा काय होती ते कळावं. टाकाऊ मालातून काहीतरी काढायचं आणि त्यासाठी बुरशी-बॅक्टेरिया कामाला लावायचे, हे तिथे रोजचं होतं.

बाई स्वतः युद्धाच्या काळात स्टार्चवर होत्या. इथे थोडी केमिस्ट्री घेऊ, घाबरू नका, सोपी आहे. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे कण एकाला एक जोडून झालेली साखळी. ग्लुकोजच्या कणाला सहा कार्बन असतात आणि त्यांना नंबर दिलेले असतात. स्टार्चमध्ये एकाचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्याला जोडलेला असतो, आणि अधूनमधून जिथे फांदी फुटते तिथे पहिला सहाव्याला. बस्स, एवढंच. पण हा जोड कुठे आहे यावर सगळं ठरतं. एक-चार चा जोड आपली लाळ आणि पोट सहज तोडतं म्हणून भात पचतो. एक-सहा चा जोड आपल्या शरीराला तोडायला जड जातं. जीन्स बाई वर्षानुवर्षं हेच करत होत्या, साखळ्या अ‍ॅसिडने तोडायच्या, काय तुकडे पडतात बघायचं, त्यावरून मुळात जोड कसा होता ते ठरवायचं. बाहेरून बघणाऱ्याला अत्यंत कंटाळवाणं काम. पण हेच काम पुढे उपयोगी पडलं.

आता थोडं आपल्याकडे येऊ, कारण या गोष्टीतला मुख्य पदार्थ कोल्हापूर-सांगली-नगरच्या साखर कारखान्यांत सगळ्यांना माहीत आहे, फक्त शत्रू म्हणून. ऊस तोडला आणि फडातच पडून राहिला, किंवा ट्रॉलीची रांग लागली आणि दोन-दोन दिवस यार्डातच नंबर येईना, किंवा ऊस जळीत असेल तर मग विचारूच नका. कापलेल्या टोकातून आणि चिरा पडलेल्या सालीतून बॅक्टेरिया आत शिरतात आणि उसातली साखर खाऊन एक चिकट पदार्थ तयार करतात, त्याचं नाव डेक्स्ट्रान. असा ऊस गाळला की रस बुळबुळीत होतो, फिल्टर तुंबतात, पॅनमध्ये पाक लवकर शिजत नाही, आणि साखरेचा दाणा चौकोनी बसायच्या ऐवजी सुईसारखा लांबट येतो. वरून लॅबवालेही फसतात, कारण साखर मोजायचं जे यंत्र आहे ते प्रकाश किती वळतो त्यावर चालतं आणि डेक्स्ट्रान साखरेच्या जवळजवळ तिप्पट प्रकाश वळवतो, म्हणजे कागदावर साखर दिसते आणि पोत्यात येत नाही. उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, कुठे गेला म्हणून मग शोधाशोध. शेतकऱ्याचं वजन घटतं ते वेगळंच.

हे करणारा मुख्य बॅक्टेरिया म्हणजे ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडस. नाव मोठं आहे पण आपल्या ओळखीचा आहे, इडलीचं पीठ रात्रीत फुगवण्यात याचाच मोठा हात असतो. युरोपात बीटच्या साखर कारखान्यांना हाच त्रास १९ व्या शतकात होता, पाश्चरनेसुद्धा या चिकट प्रकाराकडे लक्ष घातलं होतं आणि डेक्स्ट्रान हे नाव १८७४ पासूनचं आहे. म्हणजे पदार्थ जुना, त्रास जुना. आणि केमिस्ट्री अशी की डेक्स्ट्रानसुद्धा ग्लुकोजचीच साखळी, फक्त जवळजवळ सगळे जोड एक-सहा चे. स्टार्चच्या फांद्यांवर आयुष्य घालवणाऱ्या माणसाला यात रस वाटणारच.

पिओरियातल्या एका सॉफ्ट ड्रिंक कंपनीची रूट बिअर बिघडली. रूट बिअर म्हणजे दारू नाही, मुळांच्या वासाचं गोड सरबत, तिकडे फार पितात. बाटल्यांमधलं पेय घट्ट, तार येणारं झालं होतं. नमुना लॅबमध्ये आला, त्यातून बॅक्टेरिया वेगळा काढला तर तोच, ल्युकोनोस्टॉक, पण हा वाण एवढा जोरदार आणि एवढा शुद्ध डेक्स्ट्रान बनवणारा निघाला की आजही जगात डेक्स्ट्रानच्या कारखान्यांत याचेच वंशज वापरतात. त्याला लॅबने नंबर दिला, बी-५१२. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी काय झालं असतं, कंपनीला सांगितलं असतं की टाक्या नीट धुवा, साखर उकळून घ्या, आणि विषय मिटला असता. इथे तो बॅक्टेरिया जपून ठेवला गेला कारण या लॅबचं कामच ते होतं, आणि जीन्स बाईंना माहीत होतं की समोर काय आलंय.

त्याच सुमाराला स्वीडनमधून एक गोष्ट कानावर येत होती. उप्सालाला ग्रॉनवाल आणि इंगेलमन या दोघांनी युद्धाच्या काळातच दाखवलं होतं की डेक्स्ट्रान योग्य आकाराचं करून शिरेतून दिलं तर रक्तस्राव झालेल्या माणसाला तगवता येतं. हे कसं, ते नीट समजून घेऊ, कारण या लेखातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे.

माणसाला गोळी लागली, भरपूर रक्त गेलं, तर तो पहिल्यांदा मरतो तो बहुतेक वेळा लाल पेशी कमी झाल्या म्हणून नाही, तर पाइपात पाणीच उरलं नाही म्हणून. रक्तवाहिन्यांत द्रव कमी झाला की प्रेशर पडतं, हृदय पंप करायला बघतं पण पंप करायला काही नाही, त्यालाच शॉक म्हणतात. मग सरळ मीठपाणी का भरत नाही? भरतात, पण रक्तवाहिनीची भिंत म्हणजे एक बारीक चाळणी आहे, मीठ आणि पाणी त्यातून सहज निसटतं आणि थोड्या वेळात बरंचसं बाहेर शरीरात मुरतं. खऱ्या रक्तात हे पाणी धरून ठेवायचं काम अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन करतं, त्याचा कण एवढा मोठा असतो की तो चाळणीतून जात नाही, आत राहतो आणि पाणी आपल्याकडे ओढून धरतो. त्याचं वजन, केमिस्ट लोक ज्या मापात मोजतात त्या मापात, साधारण ६६ हजार. आता जर अल्ब्युमिनएवढाच मोठा, शरीराला विषारी नसलेला, लगेच न पचणारा असा कुठलाही दुसरा कण मिळाला तर तो तेच काम तात्पुरतं करू शकेल. डेक्स्ट्रान असा कण होऊ शकतो. जोड एक-सहा चे असल्यामुळे रक्तातल्या एन्झाइमना तो पटकन तोडता येत नाही, आणि काही काळाने हळूहळू लघवीवाटे आणि थोडा विघटन होऊन निघून जातो.

अडचण अशी की बॅक्टेरिया जो डेक्स्ट्रान बनवतो तो लाखो-कोटींच्या वजनाचा, राक्षसी असतो. तो तसाच दिला तर लाल पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्यांसारख्या होतात आणि रिअ‍ॅक्शन येते. फार बारीक तोडला तर मूत्रपिंडातून लगेच बाहेर. म्हणून आधी अ‍ॅसिडने तोडायचा, मग अल्कोहोल हळूहळू घालत जायचं, मोठे कण आधी खाली बसतात ते बाजूला काढायचे, मग मधले बसतात ते घ्यायचे, आणि बारीक राहिलेले सोडून द्यायचे. ७० हजारच्या आसपासच्या वजनाचे कण हवेत. आज डेक्स्ट्रान ७० आणि डेक्स्ट्रान ४० अशी नावं औषधांवर असतात ती याचीच. साखळी अ‍ॅसिडने किती वेळ तोडली की काय तुकडे पडतात हे ज्या बाईंना पाठ होतं त्यांच्याच टेबलावर हा प्रश्न आला होता, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. युद्धाच्या घाईत उत्तर सापडलं असं आपण म्हणतो, पण त्या उत्तराची तयारी स्टार्चच्या कंटाळवाण्या दिवसांत झालेली होती.

बाईंनी वरिष्ठांपुढे हा विषय मांडला आणि पिओरियात डेक्स्ट्रानवर मोठा कार्यक्रमच सुरू झाला. बॅक्टेरिया वाढवणारे, एन्झाइमवाले, इंजिनिअर, सगळे त्यात आले. तिथल्या लोकांनी हेही दाखवलं की बॅक्टेरियाने बाहेर सोडलेलं एन्झाइम वेगळं काढलं तर नुसतं ते आणि साखर एवढ्यावरसुद्धा डेक्स्ट्रान बनतो, बॅक्टेरिया भांड्यात असायलाच पाहिजे असं नाही. ते एन्झाइम साखरेच्या कणातला ग्लुकोज तोडून साखळीला जोडत जातं आणि फ्रुक्टोज मागे सोडतं.

आणि मग १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वाळवलेला प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून टाकल्यावर उरणारा रक्तातला द्रव, वापरला होता, पावडर आणि पाणी, रणांगणावर कालवायचं आणि शिरेत द्यायचं. हजारो लोक त्याने वाचले. पण तो प्लाझ्मा अनेक दात्यांचा एकत्र केलेला असायचा आणि त्यातल्या एकालाही कावीळ असली तर सगळा लॉट बाधित व्हायचा. हिपॅटायटिसच्या केसेस वाढत गेल्या, अल्ट्राव्हायोलेट किरणांनी प्लाझ्मा शुद्ध करायचा प्रयत्न झाला पण त्यावर भरवसा ठेवता येईना. डेक्स्ट्रानमध्ये ही भानगडच नव्हती. तो माणसापासून येत नाही, साखरेपासून येतो, त्यामुळे कावीळ नाही, ग्रुप जुळवायचा नाही, फ्रीज लागत नाही, बाटली महिनोन्‌महिने पडून राहिली तरी चालते. कोरियाच्या युद्धातच लष्कराने तो वापरायला घेतला. जखमीला आघाडीवरून मागच्या हॉस्पिटलपर्यंत न्यायचे जे तास असतात, त्या तासांत प्रेशर टिकवायचं काम डेक्स्ट्रानने केलं.

हे सांगताना अतिशयोक्ती करायची नाही. डेक्स्ट्रान म्हणजे रक्त नाही. तो ऑक्सिजन नेत नाही, रक्त गोठवत नाही, उलट जास्त दिला तर रक्तस्राव वाढू शकतो, ब्लड ग्रुपची टेस्ट गोंधळू शकते आणि काहींना त्याची जोरदार अ‍ॅलर्जी येते. म्हणूनच पुढे रक्तपेढ्या सुधारल्या, रक्ताचे घटक वेगवेगळे मिळायला लागले तसा त्याचा शॉकमधला वापर कमी होत गेला आणि आज अपघात विभागात तुम्हाला तो क्वचितच दिसेल. पण तो संपला नाही, दुसऱ्या कामांना लागला. अ‍ॅनिमियात लोहाचं इंजेक्शन देतात त्यातल्या एका प्रकारात लोह डेक्स्ट्रानमध्ये गुंडाळलेलं असतं. डोळे कोरडे पडतात त्यावरच्या काही ड्रॉप्समध्ये डेक्स्ट्रान ७० असतो, हवं तर बाटली वाचून बघा. आणि १९५९ मध्ये स्वीडनच्याच लोकांनी डेक्स्ट्रानचे बारीक मणी करून प्रोटीन आकारानुसार वेगळी करायची पद्धत काढली, सेफाडेक्स नावाने, ज्यांनी बायोकेमिस्ट्रीत एमएससी केलंय त्यांनी हे मणी हातात घेतलेले असणार.

१९५३ मध्ये जीन्स बाईंना अमेरिकन कृषी खात्याचा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस अवॉर्ड मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९५६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचं गार्व्हन मेडल. आणि १९६२ मध्ये फेडरल वुमन्स अवॉर्ड. पण या पुरस्कारांपेक्षा मला १९५४ चा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक पेपर जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात त्यांनी ९६ वेगवेगळ्या वाणांच्या बॅक्टेरियांनी बनवलेले डेक्स्ट्रान घेतले आणि एकेकाचा स्वभाव तपासला, एक-सहा चे जोड किती, दुसरे किती, पाण्यात कसा विरघळतो, घट्ट की पातळ, चिवट की लोण्यासारखा. कोरियाला लागणारा वाण तर आधीच सापडला होता, मग बाकीचे ९५ कशाला बघायचे? कंपनी असती तर तिथेच थांबली असती, आणि कंपनीच्या जागी ते बरोबरही असतं. सरकारी लॅबचं काम मात्र हेच आहे असं माझं ठाम मत आहे, सगळा तक्ता मांडून ठेवायचा, म्हणजे उद्या कुणाला दुसराच काही गुणधर्म हवा असेल तर त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आजही डेक्स्ट्रानवर काम करणारे हा पेपर उघडतात.

आणि हीच सवय त्यांना दुसऱ्या शोधाकडे घेऊन गेली. युद्ध संपलं, शांततेचा जुना प्रश्न परत टेबलावर आला, की मक्याचं काय करायचं. अमेरिकेत खाद्यपदार्थ आणि उद्योगांसाठी लागणारे डिंक बरेचसे बाहेरून यायचे, बाभळीचा डिंक आफ्रिकेतून, ट्रॅगाकांथ इराणकडून, कधी पीक कमी, कधी भाव वर, दर वेळी क्वालिटी वेगळी. मक्याच्या ग्लुकोजवर एखादा बॅक्टेरिया वाढवून घरच्या घरी डिंक बनवता आला तर मक्यालाही गिऱ्हाईक आणि डिंकाची कटकट मिटली. म्हणून लॅबच्या संग्रहातले बॅक्टेरिया एकेक करून तपासायला घेतले, डिंक कोण बनवतं आणि तो कसा आहे.

त्यात एक नंबर निघाला बी-१४५९, झँथोमोनास कँपेस्ट्रिस. कोबी-फ्लॉवर लावणारे शेतकरी याला ओळखतात, पानाच्या कडेपासून व्ही आकाराचा पिवळा डाग आत सरकतो, शिरा काळ्या पडतात आणि गड्डा कुजतो, तो ब्लॅक रॉट याच्यामुळे. पानावर हा बॅक्टेरिया स्वतःभोवती जो चिकट थर करतो तो काढून बघितला तर त्याचा स्वभाव कुठल्याच डिंकासारखा नव्हता. १९६१ मध्ये जीन्स, पिट्सली आणि सेंटी यांनी त्यावर पेपर लिहिला तेव्हा त्याला धड नावसुद्धा नव्हतं, पॉलिसॅकराइड बी-१४५९ एवढंच. पुढे त्याचं झँथन गम झालं.

याचा स्वभाव काय ते सॉसच्या बाटलीवरच बघता येतं. बाटली उलटी धरली तर सॉस हलत नाही, जोरात हलवली की एकदम वाहतो, आणि ताटात पडला की परत जागच्या जागी घट्ट. झँथनचे कण म्हणजे सेल्युलोजसारखा ताठ कणा आणि त्याला एकाआड एक बाजूला लोंबणाऱ्या छोट्या साखळ्या, अशा ताठ काड्या शांत असताना एकमेकींत अडकून जाळं करतात, म्हणून घट्ट. धक्का बसला की सगळ्या काड्या वाहायच्या दिशेने लागतात, जाळं सुटतं. धक्का थांबला की परत अडकतात. बाकी डिंक गरम केले, आंबट केले किंवा मीठ वाढवलं की पातळ पडतात, याला यातलं कशाचंच फारसं वाटत नाही. आणि लागतो किती, तर वजनाच्या अर्धा टक्क्याच्याही आत. सॉसमध्ये व्हिनेगर, मीठ, मसाल्याचे कण, सगळं एकत्र धरून ठेवायचं तर यापेक्षा सोयीचं काय असणार!

अमेरिकेत १९६९ मध्ये त्याला खाण्यात वापरायची परवानगी मिळाली. आपल्याकडे लेबलवर स्टॅबिलायझर ४१५ लिहिलेलं असतं ते हेच. शेजवान सॉस, मेयोनीज, आइस्क्रीम, टूथपेस्ट, मुलांची पातळ औषधं, ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठीचा ब्रेड. तेलाच्या विहिरी खणताना जो चिखल आत सोडतात त्यातही तो टनांनी लागतो, कारण ड्रिल फिरत असताना पातळ आणि थांबला की दगडाचा चुरा खाली बसू न देता धरून ठेवणारा असा चिखल त्यांना हवाच असतो. आणि एक वापर असा की जो घरात आजारी माणूस असल्याशिवाय कळत नाही. पक्षाघातानंतर कित्येकांना साधं पाणी गिळताना ठसका लागतो, पाणी श्वासनलिकेत जातं, त्यातून न्यूमोनिया होतो. अशा पेशंटला पाण्यात, चहात चिमूटभर पावडर घालून ते थोडं घट्ट करून देतात. ती पावडर बऱ्याचदा झँथनची असते.

लोक चिंतेने विचारतात की हे केमिकल आहे का. सरळ उत्तर असं की हे साखरेवर बॅक्टेरिया वाढवून, उष्णतेने मारून, अल्कोहोलने साका पाडून, वाळवून दळलेलं आहे. आपलं पोट ते फारसं पचवत नाही, बरंचसं फायबरसारखं पुढे जातं, जास्त खाल्लं तर गॅस होतो, पोट बिघडतं. सॉसबद्दल काळजी करायची तर त्यातल्या साखर-मिठाची करा.

इथे सरकारी नोकरीबद्दल थोडं बोललं पाहिजे. जीन्स बाईंच्या नावावर १० पेटंट आहेत, पण अशा पेटंटचा हक्क सरकारचा. झँथन विकून कंपन्या मोठ्या झाल्या, बाई पगारावर राहिल्या. हे अन्यायाचं वाटतं का, तर मला तसं सरसकट वाटत नाही. ज्या संग्रहातून बी-१४५९ निघाला तो लोकांच्या पैशातून उभा होता, ज्या मोठ्या टाक्यांत तो वाढवून बघितला त्याही. न्यू ऑर्लिन्सच्या लॅबमध्ये रूथ बेनेरिटो याच काळात होत्या, त्यांनी कोरियाच्या जखमींसाठी शिरेतून देता येईल असं चरबीचं इमल्शन केलं आणि नंतर इस्त्री न लागणाऱ्या सुती कापडाची केमिस्ट्री उभी केली, त्यांचंही तसंच. मात्र नाव मिळायला हवं होतं ते वेळेत मिळालं नाही याचं वाईट वाटतं. जीन्स बाई १९९५ मध्ये गेल्या आणि अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं ते २०१७ मध्ये.

आपल्याकडचं चित्रही फार वेगळं नाही. सीएसआयआर, म्हणजे सरकारी लॅब चालवणारी आपली संशोधन परिषद, तिची स्थापनाच मुळी ऐन युद्धात झाली, २६ सप्टेंबर १९४२. केमिस्ट शांतिस्वरूप भटनागर युद्धाच्या काळात कलकत्त्याच्या अलीपूरमध्ये बसून लष्कराला लागणाऱ्या वस्तूंवर काम करून घेत होते, विषारी वायूपासून वाचवणारं कापड, वनस्पती तेलांपासून वंगण, वगैरे, कारण बाहेरून माल येणं बंद झालं होतं. युद्ध संपल्यावर त्याच यंत्रणेतून लॅबची साखळी उभी राहिली आणि ३ जानेवारी १९५० ला पुण्यात नेहरूंच्या हस्ते नॅशनल केमिकल लॅबोरेटरीचं उद्घाटन झालं. आजही पाषाण रोडवरून जाताना जी दगडी बिल्डिंग दिसते ती. तिथेच एनसीआयएम नावाचा संग्रह आहे, उद्योगाला उपयोगी बॅक्टेरिया, बुरशी आणि यीस्टचा, पिओरियासारखाच नंबर लावून जपलेला. पिओरियाचा संग्रह आता १ लाखाच्या घरात गेलाय. एखाद्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला डेक्स्ट्रानवर किंवा झँथनवर प्रोजेक्ट करायचं असेल तर गाइडच्या सहीने पत्र लिहून, ठरलेली फी भरून अशा संग्रहाकडून वाण मागवता येतो, छोट्या काचेच्या नळीत वाळवलेला येतो, सोबत कुठल्या खाद्यावर किती तापमानाला वाढवायचा त्याचा कागद असतो. आमच्या ऊसपट्ट्यातल्या मुलांनी हे जरूर करून बघावं, डेक्स्ट्रान तोडणारं एन्झाइम कारखान्यांना दर सीझनला लागतंच.